ऑडिटची तीट

मला बोलता येतं हे मला आठवीच्या शेवटी कळलं. त्याआधी मी वर्गात ‘हजर’सुद्धा इतक्या हळू म्हणायचे की कितीतरी वेळा माझी गैरहजेरी लागायची. मग गॅदरिंगचं निवेदन करणारी गार्गी ऐन वेळी कांजिण्या होऊन घरी बसली. बाईंनी समोर दिसेल तिला धरलं आणि समोर नेमकी मी होते. माइक हातात आला आणि काय झालं देव जाणे! तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. आई म्हणते, “आधी तुझी काळजी वाटायची, आता शेजाऱ्यांची वाटते.”

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं माझ्या बोलण्यापासूनच सुरू झालं.

बाबांचा साकीनाक्याला स्प्रिंगचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की लगेच चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नका. इंडस्ट्रियल इस्टेटीतला एक लांबुळका गाळा आहे. पुढे तारेची भेंडोळी, मध्ये तार गुंडाळणारी मशीनं, मागे भट्टी, आणि खिडकीशी हिल्डा आंटीचं तपासणीचं टेबल. हॉस्पिटलच्या खाटेला बाजूची दांडी असते ना, वर-खाली होणारी? ती वर अडकून राहते ती आमच्या स्प्रिंगमुळे. मी हे शाळेत सगळ्यांना सांगितलंय. दोनदोनदा.

गाळा सुरू केला आजोबांनी. ते आता नाहीत, पण त्यांचा व्हर्नियर आहे. आपण सायन्स लॅबमध्ये जाडी मोजायला वापरतो तसाच, पण दणकट आणि जुना, त्याचा दांडा आजोबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेला. आता त्याचे जबडे झिजलेत, त्यामुळे तो माप चुकीचं दाखवतो. कामाला कोणी घेत नाही. पण खंडेनवमीला गाळ्यात हत्यारांची पूजा होते तेव्हा झेंडूचं पहिलं फूल मशीनला नाही, या व्हर्नियरला.

तर झालं असं, की खाटा बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं, यापुढे ज्यांच्याकडे आयएसओ सर्टिफिकेट असेल त्यांच्याचकडून माल घेणार. गाळ्यातलं निम्म्याहून जास्त काम त्या कंपनीचं. बाबांचा चेहरा एवढासा झाला. जेवताना म्हणाले, “आपला माल चांगला आहे हे त्यांना माहितीये. आता तो चांगला आहे असं तिसऱ्या कोणीतरी सांगायला हवं.”

“मग सांगू देत की!” मी म्हटलं. “त्यात काय? आपण तयारी करू. मी करते.”

“तू काय करणारेस?”

“काय म्हणाल ते.”

मे महिन्याची सुट्टी लागली होती. बाबा हसले, पण दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन गेले. घाटकोपरहून मेट्रोनं साकीनाका म्हणजे बसलं न बसलं तोच उतरायचं. पण तेवढ्यातही मी त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं.

गाळ्यात चंद्रप्रकाश सर आले होते. सर्टिफिकेट कसं मिळवायचं ते शिकवणारे सल्लागार. सफारी, खिशाला चार पेनं, आणि बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. त्यांनी समजावलं, की आपण जे करतो ते लिहून ठेवायचं, जे लिहिलंय तेच करायचं, आणि ज्यानं मोजतो ते हत्यार स्वतः बरोबर आहे याचा पुरावा ठेवायचा. प्रयोगशाळेतून तपासून आणलेल्या प्रत्येक हत्याराला हिरवं स्टिकर. ज्याला स्टिकर नाही ते टेबलावर दिसताच कामा नये.

“आणि जे खराब आहे पण फेकायचं नाही, ते?” मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचा व्हर्नियर होता.

“वो लाल डब्यात. कुलूप लावून.” मग बाबांकडे वळून म्हणाले, “शामजी, ये लडकी को ही दे दो ये डिपार्टमेंट.”

बाबांनी खरंच दिलं. सगळ्यांसमोर. एक पत्र्याचा डबा आणला, मी तो लाल रंगवला (फ्रॉकवर डाग पडला, आईनं आरडाओरडा केला), त्याला कुलूप लावलं, आणि बाबांनी एक किल्ली माझ्या हातावर ठेवली. दुसरी त्यांनी आपल्या जुडग्यात अडकवली. “मापांचं खातं ऋताचं,” ते म्हणाले. “कुणाला हत्यार पाहिजे असेल तर तिला विचारायचं.”

मशीनवरचे राजाराम मामा म्हणाले, “म्हणजे आता आम्हाला नववीतली बॉस.”

“अजून नववीत नाही, जूनमध्ये जाणार,” मी म्हटलं. सगळे हसले आणि मला इतकं झकास वाटलं की सांगता येत नाही. मी ती किल्ली कंपासपेटीत ठेवली. कर्कटकाच्या खाली.

पूर्ण सुट्टी मी तिथे होते. आजोबांचा व्हर्नियर मऊ फडक्यात गुंडाळून लाल डब्यात ठेवला. बाकी हत्यारांना स्टिकरं लावली. चंद्रप्रकाश सरांनी लिहून दिलेलं गुणवत्ता धोरण सगळ्यांना तोंडपाठ हवं होतं, कारण तपासणीला येणारा ऑडिटर कुणालाही विचारू शकतो. राजाराम मामांना काही केल्या पाठ होईना. शेवटी मी ते आरतीच्या चालीत बसवलं. मग मामा मशीन चालवताना टाळ्या वाजवत म्हणायला लागले, “ग्राहकांचेऽ समाधानऽ हेच आमचेऽ ध्येयऽ” आणि शेजारच्या गाळ्यातले लोक डोकावून प्रसाद आहे का विचारायचे.

हिल्डा आंटीशी माझी खास दोस्ती. मरोळ गावठाणातली, बाबांचं लग्न व्हायच्या आधीपासून गाळ्यात. तिच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय एकही स्प्रिंग बाहेर जात नाही. ती मला ‘बाय’ म्हणते, आणि डब्यात जे असेल त्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवते.

“तुझ्या वयात मी कोणाला वर तोंड करून बोलत नव्हते गो,” ती म्हणायची. “तू बोल. बोलतेस ते बरं वाटतं.”

ऑडिटच्या आधी चंद्रप्रकाश सर शेवटचं बघायला आले. गाळाभर फिरले. फायली चाळल्या, टेबल पाहिलं, मला दोन प्रश्न विचारले. मी फाडफाड उत्तरं दिली. मग त्यांनी बाबांना म्हटलं, “शामजी, बहुत अच्छा है. जादा ही अच्छा है.”

“म्हणजे?”

“लहान बाळाला तुम्ही लोग काय लावता? गालावर? काला टीका?”

“तीट,” हिल्डा आंटी म्हणाली.

“हां, तीट. नजर लागू नये म्हणून. ऑडिटलापण एक तीट लागते. ऑडिटर को कुछ ना कुछ तो मिलना चाहिए. एक छोटीशी चूक समोर ठेवली की तो खूश. नाही सापडली तर तो खोदत बसणार. मग कुठून काय निघेल, भगवान जाने.”

“आमच्या ऑडिटला नको तीट-बीट,” मी मध्येच म्हणाले. “एकही चूक निघणार नाही. बघाच तुम्ही.”

सर हसले. बाबाही हसले. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. हिल्डा आंटी तेवढी हसली नाही, ती स्प्रिंगा मोजत होती.

ऑडिट होतं ऑगस्टच्या सुरुवातीला. मी शाळेला दांडी मारली, बाईंना खरं कारण सांगून. बाई म्हणाल्या, “वा! मग आल्यावर पंधरा ऑगस्टच्या निवेदनाचं बघू. तूच करणार ना?” मी म्हटलं, “म्हणजे काय!”

आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक हत्याराचं स्टिकर पाहिलं, लाल डबा बंद केला, कुलूप ओढून बघितलं. मग बाबांसोबत घरी आले. सकाळी ते माझ्या आधी निघाले, म्हणाले, जरा झाडलोट करून घेतो.

ऑडिटर शीतल मॅडम होत्या. मला वाटलं होतं कोणी मिशीवाले आजोबा असतील. या तर आईपेक्षा लहान, पायात स्पोर्ट्स शूज, आणि बोलणं एकदम शांत. राजाराम मामांना त्यांनी धोरण विचारलं. मामांनी चाल धरली, मध्येच भान आलं, गप्प झाले, मग बिनचालीचं आठवेना म्हणून पुन्हा चालीत म्हटलं. मॅडम ओठ दाबून हसल्या. सगळं झकास चाललं होतं. मी प्रत्येक उत्तर द्यायला पायाच्या चवड्यांवर उभी.

मग त्या हिल्डा आंटीच्या टेबलाशी आल्या. हत्यारांचा ट्रे पुढे ओढला. एकेक उचललं, उलटं केलं, स्टिकर पाहिलं, ठेवलं. आणि हिरव्या स्टिकरांच्या मधून त्यांनी एक व्हर्नियर उचलला. जुना. गुळगुळीत दांड्याचा.



“याला स्टिकर नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “वापरात आहे का हा?”

मी हिल्डा आंटीकडे पाहिलं. ती तिच्या चष्म्याची काच पुसत होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलणार? तो माझ्या डब्यात होता. माझ्या कुलपात.

“ते...” बाबा पुढे आले. हसत. “मॅडम, ते काम मुलीकडे दिलं होतं हो. ही आमची ऋता. सुट्टीत हौसेनं सगळं लावलं हिनं. लहान आहे, राहून गेलं असेल.”

राहून गेलं असेल.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय झाला असेल ते मला दिसत नव्हतं, पण मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. “अगं, ठीके. होतं असं. एवढं रडवेलं व्हायचं नाही.” मग बाबांना म्हणाल्या, “छोटीच त्रुटी आहे. पण मुलांवर असली जबाबदारी टाकू नये. हे का झालं त्याचं मूळ कारण शोधा, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत ते मला कळवा. ते आलं की बाकी सगळं व्यवस्थित आहे.”

त्या पुढे भट्टीकडे गेल्या, पण उभ्या उभ्या पाहून परतल्या. चहा घेतला. चंद्रप्रकाश सरांनी बाबांशी हात मिळवला आणि हसत स्वतःच्या गालाला बोट लावलं. मी तेही पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी फक्त एकच आठवायचा प्रयत्न करत होते. मी कुलूप लावलं होतं. ओढून पाहिलं होतं. पाहिलं होतं ना? की परवाचं आठवतंय? व्हर्नियर आत ठेवला होता, की ठेवते म्हणून पुसायला बाहेर काढला आणि...

घरी येताना बाबा म्हणाले, “जाऊ दे गं. एवढं मनाला नको लावून घेऊस.” आणि मला स्टेशनबाहेर आइसक्रीम घेऊन दिलं. मी ते खाल्लं. आता आठवलं की त्या आइसक्रीमचाच सगळ्यात जास्त राग येतो.

नंतरचे दिवस मी वेड्यासारखी प्रत्येक गोष्ट दोनदा बघायला लागले. दप्तर भरलं, परत उघडून पाहिलं. घराचं दार लावलं, जिना उतरले, परत वर. वर्गात बाईंनी विचारलं, “पंधरा ऑगस्टला निवेदन कोण करणार?” आणि माझ्याकडे बघून हसल्या. माझा हात बाकाखालून वर आलाच नाही. मला वाटलं, ऐन वेळी माझ्या हातून काहीतरी राहून जाईल. सगळ्यांसमोर. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग गार्गीचं नाव लिहिलं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. मी सरळ गाळ्यावर गेले. बाबा माल पोचवायला बाहेर पडले होते. मी ठरवलं होतं, चूक माझी ना? मग मूळ कारणही मीच शोधणार. चंद्रप्रकाश सरांनी पद्धत शिकवली होती. ‘का’ विचारायचं. उत्तर मिळालं की त्याला परत ‘का’. असं पाच वेळा. ते म्हणायचे, पहिल्या ‘का’ला माणूस सापडतो, पाचव्याला रोग सापडतो.

मी हिल्डा आंटीसमोर स्टूल ओढून बसले.

“आंटी, मदत कर. मी का विचारते, तू उत्तर दे. बिनस्टिकरचा व्हर्नियर टेबलावर का होता?”

“आता कशाला ते, बाय? झालं ना?”

“सांग ना.”

“होता. डब्यात नव्हता म्हणून टेबलावर होता.”

“डब्यात का नव्हता? कारण मी ठेवायला विसरले. बरोबर? मग मी का विसरले? कारण माझं लक्ष—”

“तू विसरली नव्हतीस.”

तिनं हे इतकं पटकन म्हटलं की मीच दचकले.

“तुला काय माहीत?”

“मी बघितलं ना. फडक्यात बांधून ठेवलास तू. कुलूप ओढलंस. निघताना परत येऊन परत ओढलंस. मी तेव्हा मनात म्हटलं, ही पोर माझ्याहून चिकट.”

अंगावरून कोणीतरी भेंडोळं उचलल्यासारखं मला वाटलं. मी ओरडलेच, “मग मी नाही विसरले! आंटी, मी नाही विसरले!” राजाराम मामांनी मशीनवरून मान वळवली आणि लगेच परत फिरवली.

त्या मान फिरवण्यानं मी थांबले.

“मग डब्यातून बाहेर का आला?” मी विचारलं.

“कोणी डबा उघडला म्हणून.”

“उघडता का आला? किल्ली तर माझ्या कंपासपेटीत...” आणि बोलता बोलता बाबांचं जुडगं माझ्या डोळ्यांसमोर आलं. गाळ्याची किल्ली, स्कूटरची किल्ली, आणि बारकी पितळी. बाबा सकाळी लवकर निघाले होते. झाडलोट करायला.

हिल्डा आंटी उठली. तिनं हातातल्या स्प्रिंगा खोक्यात टाकल्या, न मोजता. तसं ती कधी करत नाही.

“बाबांनी का काढला, आंटी?”

“ते माझ्याकडं नाय,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “ते शेठला विचार. मी नको म्हटलं होतं गो. आधी ती चूक माझ्या नावावर ठेवणार होते. मी म्हटलं, माझ्या टेबलाला डाग लावाल तर मी उद्यापासून येणार नाय. मला काय ठाऊक, मग तुझ्यावर...”

“पण त्या दिवशी तू गप्प बसलीस.”

“बसले.”

तिनं तिचा जेवणाचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मी तो परत तिच्याकडे सरकवला आणि निघाले.

रात्रीच्या जेवणाला वरण-भात आणि भेंडी होती. आई ऑफिसातून उशिरा आल्यामुळे गॅसजवळच उभी होती, गरम गरम वाढत. बाबा खुशीत होते. चंद्रप्रकाश सरांनी मॅडमना पाठवायचं उत्तर तयार करून दिलं होतं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “बघ, संपलं. तुझ्याच खात्याचं आहे म्हणून दाखवतो.”

मी वाचलं. मूळ कारण: जबाबदार व्यक्तीस पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. उपाय: संबंधित व्यक्तीस पुन्हा प्रशिक्षण देण्यात आलं.

संबंधित व्यक्ती म्हणजे मी.

“बाबा,” मी म्हटलं, “मी चार का शोधलेत. पाचवा तुमच्याकडे आहे असं कळलं.”

“काय?”

“त्या सकाळी तुम्ही लाल डबा का उघडलात?”

आईचा डाव हवेतच राहिला. बाबांनी आधी हसायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, “हिल्डा बोलली वाटतं.” मग बराच वेळ भात कालवत राहिले. शेवटी म्हणाले, “हे बघ, तो त्या चंद्रप्रकाशचा अनुभव आहे. ऑडिटर रिकाम्या हातानं जात नाही. भट्टीचा तापमानाचा काटा अडकतो आपल्या, तुला माहितीये. मॅडम तिकडे खोदत बसल्या असत्या तर वाट लागली असती. काटा बदलायला टाकलाय मी, पण तोवर... गाळ्यावर किती घरं चालतात, ऋता?”

“मला ते कळतं. माझ्यावर का?”

“मग कोणावर? हिल्डावर टाकलं तर ती सोडून जाते. राजारामवर टाकलं तर तो उद्या समोरच्या गाळ्यात. बाहेरच्या माणसाला लागतं गं. तू घरचीच ना. तुला काय होणार होतं?”

“मला आधी सांगायचं.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. पण सांगायचं.”

“आणि...” बाबा थांबले. ते वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. “आणि तुला माहीत असतं तर तुझा चेहरा तसा पडला नसता. मॅडमना पटलं ते तुझ्या चेहऱ्यामुळेच.”

कुकर फुसफुसत होता, पंखा चालू होता, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. सगळे आवाज नीट ऐकू येत होते. मी, जी आठवीपासून थांबलेली नाही, ती गप्प बसले होते.

आईनं गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसली. “मलाही घरचीच म्हणून सांगितलं नाहीत का?” तिनं बाबांना विचारलं.

मला रडू येत होतं, पण तो चेहरा मला त्यांना पुन्हा द्यायचा नव्हता. एकदा वापरून झाला होता. मी मोबाइल उचलला आणि चंद्रप्रकाश सरांचं उत्तर पुसलं.

“काय करतेस?” बाबा घाबरले. “ऋता, खरंबिरं लिहू नकोस हं. सर्टिफिकेट गेलं तर—”

“खरंच लिहितेय. बघा.”

मी लिहिलं: मूळ कारण: लाल डब्याला दोन किल्ल्या होत्या, त्यामुळे जबाबदार व्यक्तीच्या नकळत तो उघडता येत होता. उपाय: दुसरी किल्ली रद्द केली. यापुढे किल्ली एकच राहील आणि ती जबाबदार व्यक्तीकडेच असेल.

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि त्यांना अडकवणारंही काही नव्हतं. “चांगलं आहे हे,” ते हळूच म्हणाले. “त्याच्यापेक्षा चांगलं.”

मी हात पुढे केला. तळहात वर.

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी खिशातून जुडगं काढलं. कडी घट्ट होती. उष्ट्या हातानं त्यांना ती उघडेना. डाव्या हाताचं नख घालून पाहिलं, घसरलं. आईनं चमच्याचा दांडा पुढे केला. तो त्यांनी कडीच्या फटीत घातला, आणि बारकी पितळी किल्ली फिरत फिरत बाहेर आली. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मे महिन्यातही अशीच ठेवली होती, तेव्हा सगळे हसत होते.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“उत्तर पाठवा,” मी म्हटलं.

मॅडमनी ते मान्य केलं. सोबत एक ओळ होती, मूळ कारण उत्तम शोधलं आहे. चंद्रप्रकाश सर बाबांना फोनवर “बढिया, बढिया” म्हणत होते, मला खोलीतून ऐकू येत होतं. पंधरा ऑगस्टचं निवेदन गार्गीनं केलं. चांगलं केलं. एका जागी ती अडखळली, आणि त्या जागी मी काय म्हटलं असतं ते मला रांगेत उभ्या उभ्या सुचलं.

भट्टीचा काटा बदलला. मी स्वतः जाऊन पाहिला. सर्टिफिकेट आलं, फ्रेम होऊन दारासमोरच्या भिंतीवर लागलं. खाटांच्या कंपनीची ऑर्डर राहिली. पेढे वाटले. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, “हे ऋतामुळे मिळालं,” आणि ते खरंच होतं, म्हणूनच मला कुठे बघावं कळेना. फोटो काढायचा म्हणून सगळे फ्रेमखाली उभे राहिले. बाबांनी मला हाक मारली. मी म्हटलं, मी काढते. म्हणून त्या फोटोत सगळे आहेत, मी नाही.

हिल्डा आंटीशी मी आता बोलते. ती डबा सरकवते, मी खाते. पण ती काही सांगायला लागली की माझं लक्ष तिच्या चष्म्याकडे जातं.

खंडेनवमीला गाळा धुऊन पुसून लखलखीत झाला होता. मशीनना झेंडूच्या माळा, पाटावर नट आवळायचे पाने, पकडी, हातोड्या. मधली जागा रिकामी होती. बाबा सोवळ्यात माझ्यापाशी आले.

“ऋता, किल्ली दे गं. आजोबांचा व्हर्नियर काढायचाय.”

“मी काढते.”

मी डबा उघडला, फडकं सोडलं, व्हर्नियर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाटावर मध्ये ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं पहिलं फूल त्याला. राजाराम मामांनी आरती म्हटली, आणि चाल तीच असल्यामुळे मध्येच दोन ओळी गुणवत्ता धोरणाच्या आल्या. सगळे खो खो हसले. मीही हसले. हसू आलं ते आलंच.

आरती झाली तरी मी पाटाजवळच उभी होते.

“राहू दे की आजचा दिवस बाहेर,” बाबा म्हणाले. “सण आहे.”

“स्टिकर नाहीये त्याला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. मे महिन्यातली मी असते तर वाट न बघता मीच काहीतरी म्हणाले असते. पण त्यांनी वाकून व्हर्नियर उचलला, फूल बाजूला ठेवलं, धोतराच्या टोकानं कुंकू पुसलं, आणि तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी तो फडक्यात गुंडाळून आत ठेवला. झाकण लावलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं.

“लागलंय गं,” बाबा म्हणाले.

“माहितीये,” मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं.